पाणी टाकल्यापासून आवाजापर्यंत

धुरपतानं पाइपात पाणी टाकलं की मी हातातलं काम सोडायचो. आवाजाला मी कधी भ्यालो नाही. चौतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, चालत्या गाडीचे टायर फुटताना ऐकलेत. मला भीती वाटायची ती मधल्या वेळाची. पाणी टाकलं, झाकण घट्ट केलं, पाइप खांद्यावर घेतला, आता ती लायटर दाबणार, तेवढा वेळ मी श्वास धरून मनात आकडे मोजायचो. सात, आठ, आणि धाड! मग श्वास सुटायचा.

ही माकडं पळवायची बंदूक आमच्याकडे आता प्रत्येक भाजीवाल्याच्या वावरात आहे. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइडचा खडा, वर थोडं पाणी. गॅस होतो, लायटरच्या ठिणगीनं पेटतो, आवाज होतो. आमच्या शेजारचा कवडू या बंदुका बनवतो. तो बनवतानाच सांगतो, "वयनी, लवकर दाबलं तं फुसका जाते. लय उशीर केला तं गॅस मावत नाई, पेटतच नाई. आन मंग काय झालं म्हणून पाहाले गेलं, झाकण ढिलं केलं, हवा शिरली, का तोंडावरच फुटते. कारंज्याकडच्या एका मानसाचा डोळा असाच गेला." हे ऐकून मी त्याच दिवशी म्हटलं होतं, हे भूत आपल्या घरात नको. पण माझं ऐकतंय कोण!

धुरपता माझी बायको. देवळीपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव, गावाबाहेर अडीच एकर वावर. त्यात वांगे, टमाटे, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं तिनं केलेलं. मी तिकिटं फाडत हिंगणघाट-देवळी करत होतो, तेव्हा ही वाफ्यात पाणी फिरवत होती. पोरगी नंदिनी शिकली, नागपूरला नोकरीला लागली, ती या भाजीवरच. मला वावरातलं कळत नाही, हे ती चारचौघांत सांगते आणि मी चारचौघांत चिडतो.

तिच्या अंगात घड्याळ होतं, हे मी लग्नानंतर आठवड्याभरात ओळखलं. मनगटावर काही नाही, भिंतीकडे पाहायचं नाही, पण वाफा भरायला आला की दुसऱ्या कोपऱ्यातून उठून यायची आणि बरोबर त्या क्षणाला फावड्यानं पाण्याचा दांड फोडायची. भाकर तव्यावर टाकून अंगणात जाऊन यायची, भाकर कधी करपली नाही. बाजारात पंचवीस बायका सांभाराच्या जुड्या बांधत बसायच्या, तिचे हात एका लयीत चालायचे, बाकीच्या तिच्या लयीत यायच्या आणि त्यांना ते कळायचंही नाही. मला मात्र सरकारी घड्याळाचा तोरा. एकदा मी म्हटलं, "तू आपली अंदाजानं चालते, मी मिनिटानं चालतो." ती म्हणाली, "तुमची गाडी काऊन लेट येते मंग?" गावातले लोक अजून हा किस्सा सांगतात आणि मला अजून राग येतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी माकडांचा कहर सुरू झाला. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, वीस-बावीसची टोळी. त्यांच्यातला मोठा हुप्या बांधावरच्या कडुनिंबावर बसून पाहायचा. माकड मूर्ख असतं असं ज्याला वाटतं त्यानं आमच्या वावरात एक दिवस बसावं. आवाज झाला की पळायचं, आणि पाइप पुन्हा भरेपर्यंत मोकळं रान, हे त्या हुप्याला पाठ. कवडूनं बंदूक वाजवली की तो झाडावर चढायचा, थांबायचा, आणि कवडूचा पाइप तयार व्हायच्या थोडं आधी टोळी घेऊन चार-चार वांगे तोडून परत. पण धुरपतापुढे त्याचं चालायचं नाही. तिचा वेळ इतका आखूड आणि इतका पक्का, की तो झाडावरून अर्धा उतरला की धाड. परत चढला, परत उतरला, परत धाड. शेवटी तो आमचं वावर सोडून कवडूच्या वावरात जायला लागला, आणि कवडू आमच्यावरच रागावला.

हे सगळं मागच्या उन्हाळ्यापर्यंत.

उन्हाळ्यात एक दिवस मी बांधावर बसलो होतो. धुरपतानं पाणी टाकलं, मी मोजायला लागलो. सात, आठ, नऊ. आवाज नाही. मी उठून उभा राहिलो. अकरा, बारा, आणि मग धाड! मी ओरडलो, "झोपली होती काय?" ती म्हणाली, "काऊन? वेळेवरच तं वाजवलं." मला वाटलं मी घाईनं मोजलं असेल. दुसऱ्या दिवशी तेरा झाले. त्यानंतरच्या आठवड्यात पंधरा. ती सहज म्हणायची, "वेळेवरच हाये."

माझ्या आधी ते हुप्यानं ओळखलं. तो आमच्याकडे परत आला. आधी झाडाच्या खालच्या फांदीपर्यंत, मग बांधापर्यंत, मग थेट वाफ्यात. कवडू वाजवायचा तेव्हा पळायचा. धुरपता वाजवायची तेव्हा तो निवांत बसून वांगं संपवायचा, देठ टाकायचा, आणि आवाजाच्या जरा आधी उठून चालायला लागायचा. पळायचासुद्धा नाही हो, चालायचा! धुरपता त्याला शिव्या द्यायची. कवडू म्हणाला, "वयनीचा पाइप खराब झाला असन," आणि नवा बनवून दिला. नव्या पाइपानंही तेच. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. बाकी सगळं ठीक होतं ना! पहाटे पाचला उठायची, बसच्या वेळेला टोपली घेऊन तयार, जेवणाची भूक वेळेवर. मी स्वतःची समजूत घालत होतो.

एका संध्याकाळी ओसरीवर बसलो असताना मी घड्याळ काढलं आणि म्हटलं, "धुरपता, एक गंमत करू. मी ‘आता’ म्हणतो तेव्हापासून एक मिनिट झालं की मले सांगजो." ती हसली. म्हणाली, "म्हातारपणी काय पोरखेळ!" पण बसली. काटा साठवर आला. ती रस्त्याकडे पाहत होती. सत्तर. मला वाटलं, ती मस्करी करते आहे. ऐंशी. तिच्या चेहऱ्यावर मस्करी नव्हती. ती मनापासून मोजत होती. नव्वदला ती वळून म्हणाली, "झालं. बरोबर ना?"

मी म्हटलं, "हाव. बरोबर." आणि उठून आत गेलो. पाण्याचा गडवा उचलला आणि न पिताच परत ठेवला. तेव्हाच मला आठवलं की चालताना तिचा उजवा हात हलायचा थांबला आहे. अंगाला चिकटवून चालते ती, कित्येक महिन्यांपासून. मी रोज पाहत होतो आणि पाहिलं नव्हतं.

वर्ध्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंचं नाव पौर्णिमा, वयानं नंदिनीएवढ्या. त्यांनी धुरपताला बोटं आपटायला लावली, मुठी उघडबंद करायला लावल्या, चालवलं. मग आजाराचं नाव सांगितलं, कंपवात. मी म्हटलं, "मॅडम, पण हिचे हात तर कापत नाहीत." त्या म्हणाल्या, "सगळ्यांचे आधी कापतातच असं नाही. काहींचं आधी सगळं हळू होतं. हालचाल, आणि आतला वेळसुद्धा."

त्यांनी एका कागदावर मेंदू काढला, मधोमध खोल एक ठिपका केला. म्हणाल्या, "माकडांवर याचा अभ्यास झालाय. माकडाला शिकवतात, दिवा लागला की अमुक वेळ थांबायचं आणि मग बटण दाबायचं, की रसाचा घोट मिळतो. तेव्हा त्याच्या मेंदूतल्या पेशींकडे पाहिलं, तर तिथली हालचाल हळूहळू चढत जाते, टाकीत पाणी चढावं तशी. खुणेपर्यंत चढली की हात उठतो. भराभर चढली तर लवकर, सावकाश चढली तर उशिरा. माणसातही तसंच. काकूंची टाकी सावकाश भरायला लागली आहे." मी विचारलं, पण पाचला उठते कशी? त्या म्हणाल्या, "सकाळ, झोप, भूक, हे मोठे वेळ मेंदू दुसरीकडे सांभाळतो. ते शाबूत आहे. गेलंय ते सेकंद-मिनिटांचं." आणि सगळ्यात वाईट गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. "त्यांना स्वतःला ते कळणार नाही. मोजायचं ज्यानं, तेच हळू झालंय."

 बाहेर आल्यावर धुरपता बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "म्हणजे मले काय झालं ते त्या हुप्याले समजलं, आन तुमाले नाई?" मी औषधाची चिठ्ठी उलटसुलट करत बसलो. 

गोळ्या सुरू झाल्या, सकाळ-दुपार-रात्र. पहिल्याच दिवशी तिनं रिकाम्या पोटी घेतली आणि भडाभडा ओकली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, "पोटात काहीतरी जाऊ द्या, मग द्या." झालं, मी कंडक्टरच्या आवाजात हुकूम सोडला. "जेवल्याशिवाय गोळी घ्यायची नाई! घेतली तं याद राख!" दाराजवळच्या खिळ्याला गोळ्यांची पिशवी अडकवली आणि प्रत्येक वेळी समोर उभा राहिलो. महिन्याभरात फरक पडला. उजवा हात पुन्हा हलायला लागला. मी घड्याळ लावून मिनिट विचारलं, तर तिनं चौसष्टला सांगितलं. चौसष्ट! मी ओसरीवर नाचायचाच बाकी होतो. बंदूक मात्र मी असल्याशिवाय हातात घ्यायची नाही, असं ठरलं. तिनं तोंड वाकडं केलं, पण मानलं.

नवरात्राच्या आदल्या दिवशी मी नागपूरला गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, नंदिनीनं नंबर लावून ठेवला होता, टाळता आलं नाही. बंदूक कवडूच्या घरी ठेवून गेलो, माकडं आली तर त्यानं वाजवावी. रोज रात्री फोन करायचो, पहिला प्रश्न, "गोळी घेतली?" ती म्हणायची, "घेतली ना. जेवण झाल्यावर घेतली." रोज तेच उत्तर, ठणठणीत. मी डोळ्यावर काळा चष्मा लावून निश्चिंत झोपायचो. गाढव होतो मी.

सहाव्या दिवशी दुपारी घरी आलो. घराला नुसती कडी होती. आत आलो, देवापुढे घट बसलेला, समई तेवत होती. मी पिशवी काढून गोळ्या मोजल्या. तीन उरायला हव्या होत्या. पंधरा होत्या. परत मोजल्या. पंधराच.

मी घटाकडे पाहिलं आणि सगळं लक्षात आलं. नऊ दिवसांचे उपास. लग्न होऊन आली तेव्हापासून ती करते. दिवसभर नुसतं पाणी, रात्री आरती झाल्यावर एकदा जेवण. जेवल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, असं नवऱ्यानं बजावलं होतं. तिनं अक्षरशः पाळलं. दिवसाला एक जेवण, दिवसाला एक गोळी. ती एकदाही खोटं बोलली नव्हती. मी मात्र तिच्या उपासांची आठवण सुद्धा ठेवली नव्हती.

कवडूच्या घरी धावलो. त्याची सून दारात होती. म्हणाली, "मामाजी सोयाबीन काढाले गेलेत ना. काकूच येऊन घेऊन गेली बंदूक. वांदरं लय आले म्हणे."

ऑपरेशनवाल्यांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, धावायचं नाही, डोळ्यावर जोर द्यायचा नाही. मी धावलो. वाटेत दोन वावरं आहेत, एकात कपाशीची पऱ्हाटी उभी. तिच्यातून वाट काढताना चष्मा कुठे पडला कळलं नाही. उन्हानं डोळ्यातून पाणी येत होतं. मी कान देऊन धावत होतो. आवाज ऐकू यावा, आवाज ऐकू यावा. सगळं शांत. आयुष्यात मी शांततेला इतका भ्यालो नव्हतो.

बांधावर पोचलो तेव्हा ती वाफ्याच्या त्या टोकाला होती. माकडं कडुनिंबावर, सगळी टोळी. तिनं पाइपात पाणी टाकलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. झाकण लावलं. माझं मोजणं आपोआप सुरू झालं. मधे वांग्याच्या सरी, ओल्या मातीत पाय रुतत होते.

आठ. ती पाइप खांद्यावर घेत होती. बारा. हुप्या उतरला. पंधरा. त्याच्या मागे सगळे उतरले. मी ओरडलो, "धुरपता! फेक ते!" वारा तिच्याकडून माझ्याकडे होता, आवाज पोचेना. वीस. माकडं वांग्यात बसली, तिच्यापासून वीस पावलांवर, आणि खायला लागली. ती नेम धरल्यासारखी स्थिर उभी होती. चेहरा शांत. कुठलीही घाई नाही. पंचवीस, सव्वीस. माकडं एक टाकून दुसरं तोडत होती आणि ती उभीच. मला वाटलं मीच वेडा झालो. तिसाला तिनं लायटर दाबला. काही नाही. परत दाबला. काही नाही.

तिनं पाइप खांद्यावरून खाली घेतला. मला माहीत होतं ती आता काय करणार. कुणीही तेच करतो. तिनं पाइपाचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि मागचं झाकण ढिलं करत आत पाहायला वाकली.

"धुरपता!"

तिनं मान वळवली, सावकाश. तिचा अंगठा अजून लायटरवर होता. मी अंगावर पडलो तिच्या, सरळ. पाइपाला हात लागला, तो बाजूला गेला, आणि माझ्या कानाजवळ धाड झालं. आम्ही दोघं सरीत आडवे. धूर, जळका वास, कानात नुसती शिट्टी. मी तिचा चेहरा दोन्ही हातांनी धरून पाहिला. एक डोळा, दुसरा डोळा. कपाळावरचे केस करपले होते, पदराला भोक पडलं होतं. डोळे होते. दोन्ही होते. मी रडायला लागलो, आणि रडता रडता तिला शिव्या द्यायला लागलो.

ती चिडून उठून बसली. "काऊन ढकललं? पडली असती ना मी! वाजवून तं राह्यली होती. आत्ताच तं पाणी टाकलं म्या."

"आत्ताच?"

"आत्ताच नाई तं काय! टाकलं, खांद्यावर घेतलं, दाबलं. वेळेवरच दाबलं."

 पन्नासच्या वर मोजलं होतं मी. सांगावं की न सांगावं, या विचारात तिच्या साडीवरची माती झटकत राहिलो. तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. माकडं आवाजानं पळाली होती, आणि सरीत, बसले होते तिथे, वांगे पडले होते. अर्धे खाल्लेले, एक चावा घेऊन टाकलेले, सोललेले देठ. पंधरा-वीस तरी असतील.

ती उठून तिथपर्यंत गेली. एक वांगं उचललं. चाव्याच्या जागी ते अजून ओलं होतं. तिनं कडुनिंबाकडे पाहिलं, मग हातातल्या वांग्याकडे, परत कडुनिंबाकडे.

"म्या पाणी टाकलं तवा ते झाडावर होते," ती म्हणाली. "सगळेच्या सगळे. म्या पाह्यले."

"हाव," मी म्हटलं.

"मंग एवढं कवा खाल्लं?"

 तिच्या हातातून वांगं गळून पडलं. सापांना, विजेला, पुराच्या पाण्यातल्या नाल्याला कधी न भ्यालेली माझी बायको माझ्याजवळ आली आणि माझा सदरा दोन्ही मुठींत धरून उभी राहिली.

"मले भेव लागून राह्यलं हो," ती म्हणाली. "मले त्या मंधातलं काहीच दिसलं नाई."